गाडी निघण्याआधीचा हिशेब

लग्नसराईच्या दिवसांत यवतमाळ, वाशीम किंवा बुलडाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी भाड्याच्या गाडीवरून होणारा तंटा ऐकू येतो, आणि त्याचा क्रम बहुधा सारखाच असतो. गाडी परत येते, माणसे उतरतात, सामान उतरते आणि मग मालक एक रक्कम सांगतो, जी गाडी करणाऱ्याने मनाशी धरलेल्या रकमेच्या दीडपट किंवा दुप्पट निघते. आवाज चढतात, कोणीतरी ओळखीचा मधे पडतो, काही पैसे सोडले जातात, काही दिले जातात आणि दोन्ही घरे आपण फसवले गेलो असे समजून एकमेकांशी बोलणे कमी करतात. यांतले फार थोडे वाद लबाडीतून उद्भवतात असे माझे मत आहे. बहुतेक वाद अटी प्रवास संपल्यावर सांगितल्या जातात म्हणून होतात. म्हणून जी अट गाडी निघण्याआधी सांगितली नव्हती, तिचे पैसे मागण्याचा हक्क मालकाला असू नये, असे मी आग्रहाने म्हणतो. गाडी करणाऱ्याचीही जबाबदारी आहे आणि ती लहान नाही. पण ती सुरू होते ती हा पहिला नियम पाळला गेल्यानंतर.

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल, पण आपल्या भागात गाडी भाड्याने घेणे ही बऱ्याचदा निवड नसते. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला रेल्वे बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रेल्वेमार्गापैकी वर्धा ते कळंब एवढाच तुकडा २०२४ मध्ये सुरू झाला. एसटीची शेवटची फेरी अनेक गावांत दिवस मावळण्याच्या सुमारास येऊन जाते, काही गावांत ती येतच नाही, आणि २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या संपाच्या काळात तर कित्येक महिने खेड्यातल्या माणसाला खासगी वाहनाखेरीज दुसरा आधार उरला नव्हता. तालुक्याच्या रुग्णालयाने नागपूरला किंवा सेवाग्रामला रेफर केले की १०८ ची रुग्णवाहिका नेऊन सोडते. परंतु बरे झालेल्या, टाके घातलेल्या, बसमध्ये बसू न शकणाऱ्या माणसाला घरी आणायचे तर बहुतेकांना गाडीच करावी लागते. बाळंतिणीला आणि आजारी नवजात बाळाला घरी पोहोचवण्याची मोफत सोय २०११ पासूनच्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात आहे, पण अपघातातून उठलेल्या शेतमजुराला ती लागू नाही. अशा वेळी गाडी ठरवणारा माणूस घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत नसतो, तो फक्त किलोमीटरचा दर विचारतो आणि बसतो.

वाद नेमका त्या दरापाशी सुरू होतो, कारण दर म्हणजे भाडे नव्हे. नमुन्यादाखल एक हिशेब मांडून पाहू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, रीत मात्र रोजच्या व्यवहारातली आहे. एका गावापासून नागपूर १३० किलोमीटर आहे आणि दर ठरला किलोमीटरला १३ रुपये. घेणारा जाऊन-येऊन २६० किलोमीटर धरतो आणि ३,३८० रुपये खिशात ठेवतो. मालकाची गाडी मात्र तालुक्याच्या ठिकाणी उभी असते, तिथून गावापर्यंत १८ किलोमीटर रिकामी येते आणि शेवटी तेवढीच रिकामी परत जाते, म्हणून त्याच्या हिशेबी अंतर २९६ होते. त्यावर गाडी कमी धावली तरी दिवसाला किमान ३०० किलोमीटरची सरासरी धरण्याची पद्धत आहे, ती काही ठिकाणी २५० असते. पहाटे निघालेली गाडी डॉक्टरांची वाट पाहण्यात, कागद मिळवण्यात आणि औषधे घेण्यात अडकून रात्री साडेबाराला गावात पोहोचते. मध्यरात्र उलटली की दुसरा दिवस लागला, असे मालक मानतो, त्यामुळे दोन दिवसांचे ६०० किलोमीटर म्हणजे ७,८०० रुपये होतात. ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला ३०० प्रमाणे ६०० धरला की एकूण ८,४०० रुपये, टोल आणि पार्किंग वेगळे. दिवस मध्यरात्रीपासून न मोजता निघाल्यापासून चोवीस तासांचा धरला असता, तर हाच प्रवास मालकाच्याच दराने आणि त्याच्याच किमान सरासरीने ४,२०० रुपयांत बसला असता. एकाच गाडीचे, एकाच रस्त्याचे, एकाच दराचे हे तीन हिशेब आहेत आणि तिन्ही मांडणारी माणसे प्रामाणिक असू शकतात. दर सगळ्यांना माहीत होता. दिवस कधी संपतो आणि मोजणी कुठून सुरू होते, हे मात्र एकालाच माहीत होते.

गाडीमालकाची बाजू मी हलकी लेखत नाही. आपल्याकडचा गाडीमालक म्हणजे बहुतेक वेळा एका गाडीचा धनी असतो, आणि ती गाडीही फायनान्सवर असते. हप्ता, व्यावसायिक विमा, परवाना, पासिंगचा खर्च आणि टायर या गोष्टी गाडी चालो वा उभी राहो, थांबत नाहीत. लग्नाच्या मोठ्या तिथी आणि शेगाव, माहूर, रामटेकच्या यात्रांचे दिवस सोडले तर पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे जागची हलत नाही. साठ किलोमीटरच्या भाड्यासाठी गाडी पूर्ण दिवस अडकून पडली, तर केवळ साठ किलोमीटरचे पैसे घेऊन त्याचे घर चालणार नाही. म्हणून किमान सरासरी धरणे, रिकाम्या फेरीचे अंतर मोजणे, मुक्कामाचा भत्ता घेणे या अटी मुळात अन्यायाच्या नाहीत. त्या रास्त असू शकतात, आणि ज्या अटी रास्त आहेत त्या आधी सांगण्यात अडचण कोणती, हाच माझा प्रश्न आहे.

याचे उत्तर मालक सहसा असे देतात की घेणाऱ्याने विचारायला हवे होते. हे उत्तर मला मान्य नाही. मालक हा व्यवहार वर्षभर करतो, घेणारा वर्षाकाठी एखाद्या वेळी करतो. काय विचारायचे, हेच ज्याला ठाऊक नाही त्याने न विचारल्याचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला तर हे वेगळे समजावण्याची गरज नसावी. कापसाची गाडी जिनिंगवर रिकामी झाल्यानंतर ओलाव्याचे कारण सांगून भाव तोडला जातो, तेव्हा त्याच्या मनात जो संताप येतो तो भाव कमी मिळाल्याचा जेवढा असतो, त्याहून जास्त आता कापूस परत भरून नेता येत नाही याचा असतो. प्रवास संपल्यावर सांगितलेली अट तशीच आहे, कारण ती नाकारण्याची वेळ टळून गेलेली असते.

कायद्याचा कलही या बाजूला आहे, जरी तो आपल्या दारापर्यंत क्वचित पोहोचतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो जुलै २०२० पासून लागू झाला, सेवा दिल्यावर बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापार प्रथा मानतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, वकील लावणे बंधनकारक नाही आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून सल्लाही घेता येतो. तरीही भाड्याच्या गाडीची तक्रार घेऊन उमरखेडचा किंवा सिंदखेडराजाचा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी जात नाही, आणि गेलाच तर दाखवायला त्याच्यापाशी काही नसते. व्यवहार तोंडी झालेला असतो, पैसे रोख दिलेले असतात, साक्षीदार म्हणजे सोबतचे पाहुणे. शिवाय करारातली अटच अन्यायाची आहे असे म्हणायचे असेल, तर ती तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. चार-पाच हजारांच्या वादासाठी हा रस्ता कोणी धरणार नाही. उपाय त्यामुळे कोर्टकचेरीच्या अलीकडे, गावातच शोधावा लागतो.

आता गाडी करणाऱ्याच्या जबाबदारीकडे येतो, कारण तिच्याविषयी आपण एकमेकांत फार कमी बोलतो. सात आसनांची गाडी ठरवायची आणि निघताना त्यात अकरा-बारा माणसे कोंबायची, लहान मुले मांडीवर आहेत म्हणून मोजायची नाहीत, ड्रायव्हरने हरकत घेतली तर 'एवढं काय भाऊ, घरचीच माणसं आहेत' म्हणून त्याला गप्प करायचे, हे लग्नाच्या दिवसांत सर्रास चालते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंडाची तरतूद आहे. पण दंड ही त्यातली लहान बाब आहे. विम्याची जबाबदारी मंजूर आसनांइतकीच असते, तिच्यापलीकडच्या माणसांची भरपाई मालकाच्या अंगावर पडते, आणि एका गाडीवर जगणारा मालक ती देऊ शकत नाही. म्हणजे जादा बसवलेल्या माणसांच्या कुटुंबांना प्रत्यक्षात काहीच मिळण्याची खात्री नसते. ही जोखीम पाहुण्यांवर लादण्याचा अधिकार यजमानाला कोणी दिला?

पांढऱ्या पाटीची गाडी ही त्याहून गंभीर बाब आहे. शेजाऱ्याची किंवा ओळखीच्या नोकरदाराची घरगुती गाडी दोन रुपये कमी दराने मिळते, म्हणून आपण ती करतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ नुसार भाड्याने प्रवासी नेण्यासाठी परवाना लागतो, आणि विनापरवाना वापराबद्दल कलम १९२-अ मध्ये दहा हजार रुपये दंड आणि कैद या दोन्हींची तरतूद आहे. ती शिक्षा मालकाला होते, हे खरे. परंतु खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने वापर स्पष्टपणे वगळलेला असतो, त्यामुळे अपघातानंतर कंपनीला हात वर करायला आयता आधार मिळतो आणि तेव्हा नुकसान गाडीत बसलेल्यांचे होते. मग पोलिसांसमोर 'आम्ही भाडे दिले नाही, मैत्रीत नेले' असे खोटे सांगण्याची वेळ घेणाऱ्यावरही येते. काळ्या अक्षरांची पिवळी पाटी पाहून गाडी करणे ही तपासणी एका नजरेत होते. पाटी पाहूनही स्वस्त गाडी निवडणाऱ्याने पुढच्या परिणामांसाठी केवळ मालकाला दोषी धरू नये. आणि परवाना, कर, व्यावसायिक विमा हे सगळे भरून पिवळ्या पाटीची गाडी चालवणाऱ्याचा धंदाही आपण याच निवडीने बुडवतो, मग त्याचे दर वाढले म्हणून तक्रार करतो.

उधारीचेही तसेच. कापसाचे चुकारे आले की देऊ, असे सांगून केलेली भाडी दिवाळीपासून होळीपर्यंत आणि होळीपासून पुढच्या पेरणीपर्यंत थकतात, हे गावोगाव दिसते. डिझेलवाला उधार देत नाही आणि फायनान्स कंपनी हप्ता थांबवत नाही. थकलेली उधारी मालक कुठून तरी भरून काढणार, आणि ती बहुधा रोख देणाऱ्या, अनोळखी, अडलेल्या गिऱ्हाइकाकडून निघते. रुग्णालयाच्या दारात उभ्या माणसाला सांगितलेल्या चढ्या भाड्यात आपल्याच गावातल्या थकबाकीचा वाटा असतो, हे उधार ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

गाडीला झालेल्या नुकसानीचा प्रश्न मात्र सगळ्यांत गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे पैसे मोठे असतात आणि प्रसंगाला साक्षीदार नसतो. ड्रायव्हरसह गाडी घेतली असेल तर घेणारा हा प्रवासी असतो. घासलेला बंपर, गेलेली क्लच प्लेट, फुटलेला टायर, वेगाचे ई-चलान यांतले काहीही त्याच्या माथी मारता येत नाही, कारण स्टिअरिंग त्याच्या हातात नव्हते. 'रुग्ण आहे, लवकर घ्या' असे मागून कितीही म्हटले गेले, तरी वेग ठरवणारा ड्रायव्हरच असतो. याला एक अपवाद मी मानतो. पावसाळ्यात पांदण रस्त्याने गाडी आत घेऊ नका, चेंबर फुटेल, असे ड्रायव्हर सांगत असताना घेणाऱ्याने हट्ट धरून गाडी घरापर्यंत आणायला लावली आणि खरोखर चेंबर फुटले, तर त्या खर्चातला वाटा घेणाऱ्याने उचलणे न्यायाचे आहे. तो उचलताना ड्रायव्हरने इशारा दिला होता का, एवढाच प्रश्न विचारावा. इशारा न देता गाडी घातली असेल तर तो त्याचा निर्णय होता.

आता नागपूर-अमरावतीहून बिनड्रायव्हरच्या गाड्या भाड्याने आणण्याची चाल तालुक्याच्या तरुणांतही पोहोचली आहे. कोणी मित्रांसह ताडोबाला किंवा चिखलदऱ्याला जातो, कोणी समृद्धी महामार्गाने शिर्डी गाठतो. इथे स्टिअरिंग घेणाऱ्याच्या हातात असते, त्यामुळे जबाबदारीही सरकते, पण ती सगळीच्या सगळी सरकते असे समजणे चूक आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा असला तरी त्यातली कलमे १५० ते १५२ या व्यवहाराला आजही नेमकी लागू पडतात. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी, आणि तेवढी घेतली असेल तर, वेगळा करार नसल्यास, नुकसानीला तो जबाबदार नाही. उलट भाड्याने दिलेल्या वस्तूत दोष असेल आणि त्यातून घेणाऱ्याला हानी पोहोचली, तर दोष माहीत नव्हता ही सबब देणाऱ्याला सांगता येत नाही. म्हणजे झिजलेल्या टायरची गाडी देऊन, उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर तो फुटल्यावर अनामत रक्कम कापून घेणे हे या तत्त्वाच्या थेट विरोधात जाते. निष्काळजीपणे गाडी ठोकणाऱ्याने मात्र विम्याचा बहाणा पुढे करू नये. कपात झालीच तर ती गॅरेजच्या प्रत्यक्ष बिलाइतकीच असावी. 'खरचटल्यास पाच हजार' अशा ठोक रकमा वसूल करण्याला मी विरोध करतो. त्याच कायद्याच्या कलम ७४ चाही आशय असाच आहे की, करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देते. घेणाऱ्याने गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे, टायरचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढावेत, आणि परत देताना मालकासमोर तेच पुन्हा करावे. हे न करणाऱ्याची बाजू नंतर लंगडी पडते, आणि तो दोष त्याचाच असतो.

बयाण्याविषयी थोडक्यात सांगतो. मोठ्या तिथीला गाडी अडवून ठेवली आणि आदल्या दिवशी लग्न पुढे गेले, तर बयाणा बुडणे समजण्यासारखे आहे. मात्र त्याच दिवशी ती गाडी दुसऱ्याने केली असेल तर बयाणा परत करायला हवा, कारण मालकाचे नुकसानच झालेले नसते. याच्या उलट, जास्त भाडे मिळाले म्हणून ठरलेली गाडी ऐनवेळी दुसरीकडे पाठवणाऱ्या मालकाने बयाणा तर परत करावाच, शिवाय घेणाऱ्याला धावाधाव करून केलेल्या महाग गाडीतला फरकही द्यावा. डिझेलचे भाव जून २०१७ पासून रोज बदलू शकतात, तेव्हा माघात ठरवलेल्या वैशाखातल्या भाड्यावर भाववाढीचा बोजा कोणाचा, हे आधी बोलले नसेल तर तो मालकाचाच समजावा. ज्यांना ही जोखीम नको त्यांनी डिझेल घेणाऱ्याने टाकायचे, या आपल्याकडच्या जुन्या रीतीने व्यवहार करावा.

या सगळ्यावर एक आक्षेप गावात हमखास येतो की, खेड्यातला व्यवहार विश्वासाचा असतो, तिथे लेखी मागितले तर माणूस दुखावतो. 'काय द्यायचं ते समजून द्या' असे म्हणणारा मालक खरोखरच मोकळ्या मनाचा असतो, हे मी नाकारत नाही. पण प्रवासानंतर दोघांची समजूत जुळली नाही की त्याच मोकळेपणातून कायमचे वितुष्ट येते. चिठ्ठी लिहिल्याने विश्वास कमी होत नाही. आपण सोयरिकीतही देण्याघेण्याची यादी करतो, बियाण्याचे बिल जपून ठेवतो, मजुरीचा हजेरीपट लिहितो. भाड्याच्या गाडीचाच व्यवहार तेवढा तोंडी ठेवण्याचे कारण मला सापडत नाही.

शासनाने दर ठरवून द्यावेत, ही मागणीही होते. खासगी बसगाड्यांसाठी एसटीच्या भाड्याच्या दीडपटीची कमाल मर्यादा राज्य शासनाने २०१८ मध्ये घातली, तरी दिवाळीत त्या बसने प्रवास केलेल्यांना विचारावे की ती किती पाळली जाते. रस्ता, हंगाम, गाडीचा प्रकार, रिकामी फेरी हे सगळे बदलत असताना जीप-कारचा एकच सरकारी दर कागदावरच राहील. म्हणून दरापेक्षा माहितीची सक्ती मला जास्त उपयोगाची वाटते. प्रादेशिक परिवहन कार्यालयाने परवाना देताना आणि पासिंगच्या वेळी एका पानाचा छापील मराठी नमुना गाडीत ठेवणे बंधनकारक करावे. त्यात मोजणी कुठून सुरू होणार, दिवस कसा धरणार, किमान किलोमीटर किती, भत्ता आणि टोल कोणाचा, गाडी रस्त्यात बंद पडली तर काय, एवढे रकाने असले तरी पुरे. मालकाने ते भरावे, दोघांनी सही करावी, घेणाऱ्याने मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावे. नियम येईपर्यंत तालुक्याच्या गाडी-अड्ड्यावरच्या मालकांनी हे स्वतः सुरू करावे, आणि २००७ च्या मोहिमेतून गावोगाव स्थापन झालेल्या तंटामुक्त समित्यांनी गाडीच्या वादात चिठ्ठी दाखवणाऱ्याची बाजू आधी ऐकण्याचा प्रघात पाडावा.

रुग्णालयाच्या दारातला प्रवास मात्र मी या पद्धतीवर सोडणार नाही. तिथे गाडी ठरवणाऱ्याला कागद वाचण्याची उसंत नसते आणि दुसरी गाडी शोधण्याची सोयही नसते, त्यामुळे सही झाली तरी ती मोकळ्या मनाने झाली असे म्हणता येत नाही. कोरोनाच्या काळात खासगी रुग्णवाहिकांचे दर प्रशासनाने ठरवून दिले होते, म्हणजे हे काम अशक्य नाही. प्रत्येक उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकावर तिथून नागपूर, सेवाग्राम, सावंगी, अकोला, अमरावती, यवतमाळ या ठिकाणांपर्यंतचे अंतर आणि त्या अंतराचे येण्याजाण्याचे कमाल भाडे, थांबण्याच्या वेळेसह, ठळक मराठी अक्षरांत रंगवलेले असावे. ते दर दरवर्षी गाडीमालकांना बोलावून, डिझेलचा भाव समोर ठेवून ठरवावेत, म्हणजे त्यांचेही नुकसान होणार नाही, आणि फलकापेक्षा जास्त मागणाऱ्याच्या गाडीचा क्रमांक लिहून घेण्याची नोंदवही रुग्णालयाच्या चौकशी खिडकीत ठेवावी.